वहीतली नावे

ता. वाळवा, जि. सांगली
दि. 14 जून

प्रिय सुधाकर,
स. न. वि. वि.

घरी सर्वांची प्रकृती ठीक आहे. आईचा गुडघा तसाच. पत्राचे कारण वेगळे आहे. गुटखा घेणाऱ्यांची नावे स्काऊटच्या मुलांनी टिपावीत का, हा विषय घरात काढला की ‘मग लिहू द्या की नावे’ एवढेच उत्तर मिळते.

राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, हे शाळेमागच्या टपरीवाल्यालाही ठाऊक आहे, तरी आठवीतली मुले त्याच्याकडून पुड्या घेतात. त्यावर ग्रामसभेत प्रस्ताव आला की, आपल्या स्काऊट पथकाने मधल्या सुट्टीत तेथे उभे राहून घेणाऱ्यांची नावे टिपावीत. मांडणाऱ्यांची स्वतःचीच मुले त्यात अडकली आहेत, त्यामुळे त्यांना हसण्यावारी नेता येत नाही. पण मला तो प्रस्ताव पटत नाही.

या मुलांनी पावसाळ्यापूर्वी पूरवही केली आहे. 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले (धोक्याची पातळी 45), तेव्हा कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळले आहे, हे शेजारच्या आळीलाही सांगता येत नव्हते. म्हणून पथकातल्या प्रत्येक संघाने, म्हणजे मुलांच्या छोट्या गटाने, एकेक आळी घेऊन वृद्ध, गरोदर स्त्रिया, जनावरे यांची नोंद केली. संघ मी मुद्दाम मिसळले: वरच्या आळीतील आणि नदीकाठच्या वस्तीतील मुले एकत्र. स्काऊटिंगचा संस्थापक बेडन-पॉवेल यानेही 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राऊन्सी बेटावर बड्या शाळांतील आणि कामगारवस्तीतील मुले एकाच तंबूगटात घातली होती. तू म्हणशील, स्काऊटिंग म्हणजे खाकी चड्डी आणि सलाम. पण वस्तीतला संघनायक पाटलांच्या ओसरीवर बसून त्यांच्या आजीच्या औषधांची यादी लिहितो, हे सलामाने झालेले नाही. (शिबिरातले पिठले तूच करपवलेस, तो वाद माझ्या बाजूने मिटलेला नाही.)

‘स्काऊट विश्वसनीय असतो’ हा पहिलाच नियम. टपरीवर नावे टिपणाऱ्या मुलाला उद्या कोणते दार उघडेल? आणि वहीत त्याच्याच बापाचे नाव आले तर त्याने काय करावे? टपरीचा बंदोबस्त हे मोठ्यांचे आणि पोलिसांचे काम आहे. संघात सात-आठ मुले असतात आणि नायक वर्षा-दोन वर्षांनीच मोठा असतो. पुडी खाणाऱ्याला तो सोबत ठेवतो, जबाबदारी देतो. दोघांची सुटली आहे; तिसऱ्याबद्दल मी पैज लावणार नाही.

सरपंच म्हणतात, तुमची ही पद्धत फार सावकाश आहे. त्यांचे खोटे नाही, आणि म्हणूनच मला झोप येत नाही. येत्या शुक्रवारी पुन्हा सभा आहे. तुला सभेत बोलता येते, मला नाही. जमल्यास ये, नाहीतर चार ओळी लिहून पाठव, मी वाचून दाखवीन.

मुलीच्या प्रवेशाचे काय झाले? वहिनींना नमस्कार. तुझी बदली पुण्यालाच झाली ना?

तुझा,
विश्वास