आधी मोटर बदलू नका

मा. संपादक,
स.न.

तुमच्या पुरवणीत रिमोट कंट्रोलच्या गाड्यांवर लेख आला तो आमच्याकडे सगळ्यांनी वाचला आणि खरंच बरं वाटलं, मराठीत या विषयावर कोण लिहितंय. पण रॉक क्रॉलरबद्दल शेवटी जो सल्ला दिलाय ना, की ट्रक आणला की पहिल्यांदा मोटर काढून जास्त पॉवरची टाका आणि बॅटरी ३एस (तीन सेलची) लावा, तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. हीच चूक मी आणि माझ्या लेकाने केली होती आणि ती निस्तरण्यात आमचे बरेच महिने गेले.

क्रॉलर म्हणजे खडकावर इंच इंच चढणारा ट्रक. माणूस सावकाश चालेल तेवढाच वेग, बऱ्याचदा त्याहूनही कमी. म्हणूनच त्याच्या ब्रश मोटरला तारेचे वेढे जास्त असतात, ३५ टर्न, ४५ टर्न, ५५ टर्न अशा येतात, टर्न जितके जास्त तितका वेग कमी आणि हळू चालवताना ताबा चांगला. पळणाऱ्या गाडीची मोटर यात घातली की थ्रॉटलला जरा हात लावला तरी ट्रक झेप घेतो आणि दगडावर झेप म्हणजे उताणं पडणं. आमचंही तेच होत होतं. आमचा १/१० मापाचा ट्रक, ३१३ मिलिमीटर व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), १.९ इंचाची चाकं, म्हणजे अगदी नेहमीचं माप. चढावर पुढची चाकं उचलायची आणि ट्रक मागे उलटायचा, आम्ही म्हटलं ताकद कमी पडतेय, मोटर बदलली, तर दोन वेळा बाहेर नेईपर्यंत स्पर गिअरचे (मोटर ज्याला फिरवते त्या मोठ्या दातेरी चाकाचे) दात सोलून निघाले आणि उलटणं मात्र तसंच चालू.

मग एक दिवस लेकाने स्वयंपाकघरातले दोन वजनकाटे आणले, एकावर पुढची चाकं ठेवली एकावर मागची, आणि तिथे कळलं की वजन मागेच जास्त होतं. क्रॉलर बांधणारे लोक साधारण ६० टक्के वजन पुढे आणि ४० मागे असं धरून चालतात कारण चढावर वजन आपोआप मागे सरकतं. आम्ही बॅटरीची जागा पुढे आणली, पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना पितळेचे नकल (चाकं ज्यावर वळतात ते सांधे) लावले, मधल्या फुगीर भागावर पितळेचं झाकण बसवलं, आणि जुनीच मोटर परत घातली. ज्या दगडावरून ट्रक दहा वेळा पडला होता तोच दगड पहिल्या फटक्यात चढला! लेकाचा चेहरा मला अजून आठवतो.

वजन वाढवायचं ते खाली, चाकं आणि अ‍ॅक्सलपाशीच. लेखासोबतच्या फोटोतला ट्रक दिसायला सुंदर आहे पण छतावर कॅरिअर, त्यावर स्टेपनी, डबे, लाइटचा बार, हे सगळं वजन वर जातं आणि आडव्या उतारावर ट्रक लगेच कलंडतो. सजावट करायचीच असेल तर हलकं सामान घ्या एवढंच म्हणेन.

वजनानंतर टायर. रबर मऊ हवं आणि आत फोम असतो त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं, फोम फार कडक असेल तर टायर दगडाला धरत नाही, नुसता टेकतो, आणि फार मऊ असेल तर आडव्या उतारावर टायर दुमडतो. टायरमध्ये हवा भरलेली नसते, उलट हवा बाहेर जायला बारीक भोक असतं म्हणून तर तो दगडाच्या आकाराप्रमाणे दबतो. बीडलॉकची चाकं घ्या म्हणजे डिंक न लावता स्क्रूवर टायर बसतो, उघडून फोम बदलून बघता येतो, आणि पाण्यातून ट्रक गेला की तो फोम काढून पिळून वाळवताही येतो. डिंकाने चिकटवलेल्या टायरात पाणी शिरलं की ते त्या भोकातून पूर्ण निघतच नाही.

अजून एक गोष्ट सांगते जी आम्हाला फार उशिरा कळली. ट्रक दगडात अडकला आणि चाकं वळवायला गेलो की क्षणभर सगळंच बंद पडायचं, परत चालू व्हायचं. आम्हाला वाटलं मोटर किंवा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) गेला. दोष त्यांचा नव्हताच. चाकं वळवणारा सर्व्हो २५ किलो ताकदीचा टाकला होता, तो अडकला की इतका करंट ओढायचा की ईएससीमधल्या बीईसीला (सर्व्हो आणि रिसीव्हरला वीज देणाऱ्या भागाला) झेपायचं नाही, व्होल्टेज पडायचं आणि रिसीव्हर बंद व्हायचा. सर्व्होसाठी वेगळा बीईसी लावला आणि प्रश्न मिटला. आणि रिमोटवर स्टिअरिंगचा एंड पॉइंट (चाक कुठपर्यंत वळवायचं ती मर्यादा) नीट लावा, चाक पूर्ण वळल्यावरही सर्व्हो गुणगुणत राहिला तर तो ढकलतोय आणि तापतोय असं समजायचं.

देखभालीबद्दल लेखात एक ओळसुद्धा नव्हती त्याचं जास्त वाईट वाटलं कारण माझ्या मते या छंदातला निम्म्याहून जास्त आनंद टेबलावरच आहे. पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) आणि स्पर गिअर बसवताना मध्ये कागदाची पट्टी घालायची, दोन्ही एकमेकांवर दाबून मोटरचे स्क्रू आवळायचे आणि मग गिअर फिरवून कागद काढायचा, त्यावर दातांच्या घड्या उमटल्या पाहिजेत पण तो फाटता कामा नये. पिनियनचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा बारीक स्क्रू) शाफ्टच्या सपाट बाजूवरच बसवा आणि थेंबभर थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावा. थ्रेडलॉक फक्त धातूत धातू जातो तिथेच, प्लॅस्टिकला लागला तर काही प्लॅस्टिक तडकतं. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात टक्कन बसल्याचं हाताला कळतं, मग सुलटा आवळायचा, नाहीतर दरवेळी नवे आटे पडून भोक सैल होतं. ही एवढीशी सवय लेकाला लागली आणि चॅसिस टिकली.

पाण्याचं म्हणाल तर ईएससीवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं ते ईएससीपुरतं, बेअरिंगला ते लागू नाही. ओला ट्रक तसाच ठेवला की थोड्याच दिवसांत चाकं फिरवताना खरखर येते. आम्ही परत आलो की पुसतो, वाळवतो, बेअरिंगला तेलाचा थेंब देतो आणि मधूनमधून अ‍ॅक्सल उघडून बघतो, आतलं ग्रीस पांढरट दुधासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय, सगळं पुसून नवीन भरायचं. पोर्टल अ‍ॅक्सल असतील, म्हणजे ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ सारखे चाकापाशीच गिअर असलेले, तर त्याने ट्रकचं पोट उंच राहतं हे खरं, पण ग्रीस तपासायच्या जागा चार वाढतात.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहिलं ते. बॅटरी मोठी लावा असं छापलंत पण लायपो, म्हणजे या ट्रकची लिथियम पॉलिमर बॅटरी, सांभाळायची कशी ते छापलं नाही. लायपोचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, त्यावर नेऊ नये, आणि चालवताना साधारण ३.२ च्या खाली जाऊ देऊ नये, म्हणून ईएससीमधली लायपो सेटिंग (व्होल्टेज उतरलं की मोटर थांबवणारी) चालू आहे ना ते आधी बघायचं. आठवडाभर वापरणार नसाल तर ३.८ च्या आसपास आणून ठेवायची. ५००० एमएएचची असेल तर चार्जिंग ५ अँपिअरने, बॅलन्सचा (सगळे सेल सारखे भरणारा) प्लग लावून, आग न धरणाऱ्या पिशवीत, आणि समोर बसून. आमची एक बॅटरी भरलेली तशीच पडून राहिली आणि फुगली, ती आम्ही परत कधीच चार्ज केली नाही. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, वापरायची नाही, बॅटऱ्या गोळा करतात तिथे नेऊन द्यायची.

एवढा एक परिच्छेद पुढच्या अंकात चौकट करून छापाल का? तो लेख वाचून पहिल्यांदाच लायपो हातात घेणारी मुलं असतील, आणि रात्री चार्जिंगला लावून झोपू नका हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

आपली,
एक नियमित वाचक