रोमला जाताय, तर यादी निम्मी करा

चि. अनिकेत,

अनेक उत्तम आशीर्वाद. मीरालाही सांग.

तू पाठवलेला तक्ता बघितला. चौकोन रंगवलेत छान, पण वाचतानाच माझे पाय दुखायला लागले. सकाळी विमानतळावर उतरायचं, दुपारी कलोसियम, संध्याकाळी व्हॅटिकन, दुसऱ्या दिवशी उरलेलं रोम, मग फ्लोरेन्स, पिसा, व्हेनिस आणि परत. माझं अर्धं आयुष्य ग्रुप टूर नेण्यात गेलं. असे कार्यक्रम आम्हीच लावायचो, कारण बसमधल्या मंडळींनी ‘किती पाहिलं’ याचे पैसे मोजलेले असत. तुम्ही दोघंच जाताय. घरी येऊन कुणाला हिशोब द्यायचा नाहीये.

तेव्हा पहिलं काम म्हणजे पिसा आणि व्हेनिस काढून टाक. फ्लोरेन्सला जायचंच असेल तर वेगवान रेल्वेने दीडेक तासात पोचता, एक दिवस द्या. बाकी सगळे दिवस रोमला. त्यातही एका दिवशी एकच भाग धरायचा आणि दुपारनंतरचा वेळ मोकळा सोडायचा. हे आरामासाठी सांगत नाहीये. रोम वरवर बघून कळतच नाही, ते शहरच एकावर एक थर चढून झालंय.

तुला हे पटवायला मी एकच जागा सांगते, आणि ती तुझ्या यादीत नाहीये. कलोसियमपासून चालत पाच-सात मिनिटांवर सान क्लेमेंते नावाचं चर्च आहे. आत गेलात की बाराव्या शतकातलं चर्च, छताजवळ सोनेरी मोझेक. बाजूच्या खोलीत तिकीट काढून जिना उतरलात की खाली चौथ्या शतकातलं चर्च. म्हणजे वरच्या चर्चचा पाया म्हणून जुनंच चर्च भरून टाकलं होतं. आणखी एक जिना उतरा. आता तुम्ही पहिल्या शतकातल्या रोमन इमारतींमध्ये, विटांच्या अरुंद बोळात उभे. तिथे मिथ्र नावाच्या, रोमन लोक पूजत त्या एका देवाचं ठाणं आहे, बसायला दोन्ही बाजूंना दगडी ओटे आणि मधे बैलाला मारणाऱ्या मिथ्राची वेदी. भिंतीमागून पाणी वाहत असल्याचा आवाज सतत येतो, आणि तो कानाचा भास नव्हे, खाली खरंच प्रवाह आहे. हे सगळं 1857 पासून तिथल्याच एका आयरिश धर्मगुरूने खणून काढायला घेतलं. मधल्या मजल्यावर अकराव्या शतकातलं एक भित्तिचित्र आहे. मालक आपल्या नोकरांना ‘ओढा रे’ म्हणून ओरडतोय, आणि त्याच्या तोंडची चक्क शिवी भिंतीवर लिहिलेली आहे. बोलीतल्या इटालियनचे जे अगदी जुने लेखी नमुने सापडतात, त्यातला हा एक. चर्चच्या भिंतीवर शिवी! आमच्या ग्रुपमधल्या आजोबांना हे सांगितलं की ते दोन जिने विसरायचे.

आता कामाच्या गोष्टी.

कलोसियमचं तिकीट जाण्याआधी साधारण महिनाभर अधिकृत संकेतस्थळावर सुटतं आणि चांगल्या वेळा भराभर संपतात. तिकिटावर नाव असतं, ते ओळखपत्राशी ताडून बघतात, म्हणून बुकिंग करताना पासपोर्टवर आहे तसंच नाव घाल. मीराचं माहेरचं नाव पासपोर्टवर असेल तर तेच. त्याच तिकिटात फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, आणि त्याच्यावरची पॅलाटाइन टेकडी येते. लोक कलोसियम बघून दमतात आणि फोरममधून नुसते चालत बाहेर पडतात. तुम्ही उलट करा. आधी पॅलाटाइनवर चढा, वरून फोरम नीट समजून घ्या, मग खाली उतरा. कलोसियम इसवी सन 80 मध्ये सम्राट टायटसने खुलं केलं. पण त्याच्या भिंतीला आज जी भोकं दिसतात ती लढायांची नव्हेत. दगड जोडणारे लोखंडी आकडे मध्ययुगात लोकांनी उपटून नेले, त्याच्या त्या खुणा. बाहेर ग्लॅडिएटरचा वेश घालून उभे असतात त्यांच्याबरोबर फोटो काढू नका. फोटो झाला की हात पुढे येतो आणि आकडा ऐकून तू भांडत बसशील.

व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा उघडा आणि फुकट असतो, आणि म्हणूनच त्या दिवशी तिकडे फिरकूसुद्धा नका. सकाळची पहिली वेळ घ्या. सिस्टिन चॅपेलमध्ये फोटोला मनाई आहे. चोरून काढणाऱ्यांवर रखवालदार ओरडतात ते ऐकायला बरं वाटत नाही. छत मायकेलँजेलोने 1508 ते 1512 मध्ये रंगवलं, आणि समोरच्या भिंतीवरचं ‘अंतिम निवाडा’ त्यानंतर वीसेक वर्षांनी सुरू केलं. दोन्हींच्या मधे चित्रकार किती बदललाय ते बघा. बाजूच्या भिंतींना टेकून बसायला बाक आहेत, एखादी जागा रिकामी होईपर्यंत थांबा. उभ्याने मान वर करून पाच मिनिटांत काही होत नाही.

सेंट पीटर्सला, म्हणजे व्हॅटिकनच्या मोठ्या चर्चला, तिकीट नाही, पण तपासणीची रांग असते आणि ती दुपारी चौकाला वळसा घालते. सकाळी सातला दार उघडतं तेव्हा जा. बुधवारी सकाळी पोपची जाहीर भेट असते, तो दिवस टाळा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हे तुलाही लागू, बरमुडा घालून जाशील आणि दारातून परत येशील. घुमटावर चढायला 551 पायऱ्या आहेत. काही भाग लिफ्टने टळतो, पण शेवटचा भिंतीच्या कलाने तिरकं होऊन चढायचा जिना टळत नाही. मीराला बंद जागेचा त्रास होतो, तेव्हा तिला आधी सांग.

पँथिऑनला, म्हणजे घुमटाच्या प्राचीन रोमन देवळाला, 2023 पासून तिकीट लागतं. पूर्वी लोक आईस्क्रीम चाटत आत शिरायचे, त्यापेक्षा हे बरं झालं. दर्शनी बाजूला अग्रिप्पा नावाच्या रोमन सेनापतीने बांधल्याचं कोरलंय, पण आजची इमारत सम्राट हेड्रिअनच्या वेळची. आधीची जळाली, त्याने नवी बांधली आणि नाव मात्र जुन्याचंच ठेवलं. आपल्याकडे बोअरवेलवरही दात्याचं नाव येतं! घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची सारखीच, सुमारे 43 मीटर, आणि त्या काँक्रीटमध्ये लोखंडाची एक सळई नाही. माथ्यावरचं गोल भोक उघडं आहे. तुम्ही मार्चमध्ये जाताय, पाऊस येऊ शकतो. आलाच तर सगळं सोडून पँथिऑनला पळा. पाऊस सरळ आत पडतो, आणि जमिनीला किंचित उतार देऊन केलेल्या बारीक भोकांतून निघून जातो. एकोणीसशे वर्षं झाली.

माझ्या मते पैसे खर्चून बघायची सगळ्यात मोलाची जागा बोर्गेझे गॅलरी. मोजक्याच लोकांना दोन-दोन तासांसाठी सोडतात, त्यामुळे आधी बुकिंग केल्याशिवाय जाऊ नका. सोमवारी बंद. तिथे बेर्निनी या शिल्पकाराचं ‘अपोलो आणि डाफ्ने’ हे शिल्प आहे. अपोलो देव पाठलाग करतोय आणि डाफ्ने झाड होतेय. समोरून बघून पुढे जाऊ नका, सावकाश प्रदक्षिणा घाला. मागून फक्त धावणारा माणूस दिसतो. अर्ध्यावर आलात की तिच्या बोटांच्या टोकांना पानं फुटलेली दिसतात, आणि पायाच्या बोटांतून मुळं जमिनीत शिरताना. ती पानं इतकी पातळ कोरलीत की त्यांच्यातून उजेड आरपार येतो. संगमरवर आहे हो तो! काम हाती घेतलं तेव्हा बेर्निनी पंचविशीच्या आतला होता.

फुकटात बघायचं तर चर्चमध्ये शिरा. पियात्सा नव्होनाजवळ फ्रेंच लोकांचं सान लुईजी चर्च आहे, तिथे काराव्हाज्योची तीन मोठी चित्रं आहेत, तीही ज्या भिंतींसाठी काढली त्याच भिंतींवर. सुटी नाणी खिशात ठेवा, अशा काही चर्चमध्ये नाणं टाकलं की चित्रावरचा दिवा लागतो. चर्चं दुपारी बंद होतात, हे मात्र ध्यानात ठेवा.

विमानतळावरून मुख्य स्टेशनला, टेर्मिनीला, थेट रेल्वे 32 मिनिटांत आणते. टॅक्सीच करायची तर पांढरी, अधिकृत, रांगेतली. जुन्या तटाच्या आतल्या भागासाठी भाडं ठरलेलं असतं, दारावर लिहिलेलं बघून बसा. आत येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ करणाऱ्याच्या मागे जायचं नाही. गाडी भाड्याने घेण्याचा विचार असेल तर सोडून दे. जुन्या शहरात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंड कित्येक महिन्यांनी इथे घरी येतो. बसचं कागदी तिकीट चढल्या चढल्या यंत्रात छापून घ्यायचं, मग ते 100 मिनिटं चालतं. नुसतं खिशात असणं म्हणजे तिकीट नव्हे, तपासनीस पर्यटक म्हणून सोडत नाहीत.

खिसेकापू गर्दीच्या मेट्रोत आणि टेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या 64 नंबरच्या बसमध्ये हमखास. ते मळक्या कपड्यांत नसतात, चांगले टापटीप, कधी हातात नकाशा घेतलेले. दार बंद होताना जो रेटा येतो तोच त्यांचा क्षण. मोबाइल मागच्या खिशात ठेवायची तुझी सवय तेवढे दिवस मोड. रस्त्यात कुणी मनगटावर दोरा बांधायला आलं, मीराच्या हातात गुलाब दिला, सहीसाठी कागद पुढे केला, तर न थांबता चालत राहा. ‘नो’ म्हणायला थांबलात तरी अडकलात.

मीराच्या शाकाहारी खाण्याचं. काचो ए पेपे, म्हणजे चीज आणि मिरीची पास्ता, हे रोमचं घरचं जेवण, त्यात मांस नसतं. कार्बोनारा आणि अमात्रिचाना नको, दोन्हींत डुकराच्या गालाचं मांस असतं. सुप्ली नावाचे तळलेले भाताचे गोळे दिसतील, त्यात बहुतेक वेळा खिमा असतो, विचारून घ्या. आणि फसवतं ते हे: भोपळ्याच्या फुलांची भजी. बघून वाटतं आपलंच काहीतरी, आत चीजबरोबर एक छोटा मासा लपलेला असतो. आमच्या ग्रुपच्या डब्यात लसणाची चटणी असे म्हणून कोणी बाहेर काही खायचंच नाही, ते मला कधी पटलं नाही. मार्चमध्ये आर्टिचोकचा हंगाम असतो. जुन्या ज्यू वस्तीत ते अख्खे तळून देतात, पाकळ्या वेफरसारख्या कुरकुरीत होतात, तिला नक्की आवडतील. कॉफी उभ्याने, काउंटरवर प्यायची. टेबलाशी बसलात की त्याच कपाचे पैसे वाढतात. पाणी विकत घेऊ नका. रस्त्याकडेला लोखंडी नळ अखंड वाहतात, ‘नाझोनी’ म्हणतात त्यांना, शहरात हजारोंनी आहेत आणि पाणी उत्तम. तोटीचं तोंड बोटाने दाबलंत की वरच्या बारीक भोकातून धार उडते, तशीच पितात.

एक जागा तुझ्यासाठी म्हणून सांगते. तेस्ताच्चो भागात एक टेकडी आहे, सुमारे 35 मीटर उंच, सगळी फुटक्या रांजणांची. रोमन साम्राज्याच्या काळात तेल ज्या रांजणांतून यायचं ते रिकामे झाले की इथे फोडून टाकत. अशाच रोमन रांजणांचे तुकडे आपल्याकडे नेवाशाला आणि तेरलाही सापडलेत, तिकडे मात्र दारू यायची. आणि आपल्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा ब्राँझचा पुतळा तू शाळेच्या सहलीत टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये बघितलायस. बघितलायस म्हणजे, समोरून गेलायस. जाण्याआधी एकदा घरी ये आणि नीट बघून जा, मीराने तर तो पाहिलेलाच नाही.

चाकांची बॅग लहान आणा. रोमच्या गल्ल्यांत काळे चौकोनी दगड बसवलेत, मोठ्या बॅगेची चाकं तिथे निखळतात. चपला नव्या घेणार असाल तर आजच घेऊन वापरायला लागा. आपले तीन पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत, मोबाइलचा बारीक दोन पिनांचा बसतो. हॉटेलात माणशी, रात्रीमागे शहराचा कर वेगळा भरावा लागतो, ते फसवत नाहीयेत. व्हिसाच्या विम्यात 30,000 युरोंचं संरक्षण लिहिलेलं आहे ना, ते परत बघ. आणि ईस्टर कधी येतोय ते कॅलेंडरमध्ये बघूनच तिकिटं पक्की कर. त्या आठवड्यात व्हॅटिकनच्या बाजूला मुंगी शिरत नाही.

नवा तक्ता केलास की पाठव. बोर्गेझेची कुठली वेळ मिळाली ते आधी कळव, त्यावरून त्या दिवसाचं बाकीचं मी सांगते. बाबा म्हणतायत की त्यांना तिकडून काही आणू नका, पण बेल्ट आणलात तर चालेल.

तुझी,
आई