पाच मशीनवर चाललं म्हणजे पन्नासवर चालेल असं नसतं

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रोजेक्ट प्रदर्शनाची बातमी आली, फोटोसकट. बरं वाटलं वाचून, खानापूर, निपाणी, चंदगडकडची पोरं दिसली त्यात. पण एका नेटवर्कच्या प्रोजेक्टबद्दल लिहिलंय की ही यंत्रणा उद्या अख्ख्या बेळगाव शहराला वापरता येईल, आणि तिथं मी जरा अडखळलो. मी उद्यमबागेत कारखान्यांची नेटवर्कची कामं करतो, त्यामुळे ओळखीपाळखीची पोरं शेवटच्या वर्षाला दुकानात येऊन बसतात आणि असले प्रोजेक्ट मला नवीन नाहीत. लॅपटॉपवर मिनिनेट (एकाच मशीनवर आभासी नेटवर्क उभं करणारं सॉफ्टवेअर) चालू असतं, त्यात तीन स्विच, चार-पाच होस्ट म्हणजे आभासी मशीन, पिंग (पोचतंय का बघायचा निरोप) जातंय, लॉस म्हणजे वाटेत हरवणं शून्य टक्के. "चालायलंय की सर." चालायलंय, खरंच चालायलंय. पण मग रिपोर्टच्या शेवटच्या पानावर फ्युचर स्कोप म्हणून हजार नोडपर्यंत (नोड म्हणजे नेटवर्कातलं एक मशीन) वाढवता येईल असं ठोकून देतात आणि ते कुणी विचारतही नाही. हजार राहू दे हो, पन्नासवर तरी कुणी चालवून बघितलंय का? आणि बघायचं म्हटलं तर आपल्या भागात जागा कुठे आहे? एवढंच विचारायला हे पत्र.

पोरांना वाटतं वाढवायचं म्हणजे स्क्रिप्टमधला आकडा बदलायचा, 5 च्या जागी 50. पण नेटवर्कात काही गोष्टी आकड्याच्या हिशेबानं वाढतच नाहीत. पाच राउटर एकमेकांना थेट जोडायचे तर 10 जोडण्या, पन्नास असतील तर 1225. रिप नावाचा जुना राउटिंग प्रोटोकॉल, म्हणजे राउटरनं रस्ता ठरवायचे नियम, अजून लॅबला असतो, तो 15 हॉपच्या (एका राउटरवरून पुढच्यावर जाणं म्हणजे एक हॉप) पलीकडचं काही मानतच नाही, 16 म्हणजे त्याच्या लेखी रस्ता बंद. चार राउटरच्या साखळीत हे जन्मात दिसणार नाही, साखळी लांबली की शेवटचं टोक गायब. लिनक्स मशीन शेजाऱ्यांचे पत्ते एका टेबलात ठेवतं, त्याची डिफॉल्ट कमाल मर्यादा 1024 आहे, एकाच सपाट नेटवर्कात दीड हजार व्हर्च्युअल मशीन टाकली की आत्ता दिसणारं मशीन पाच मिनिटांनी दिसत नाही, मग परत दिसतं, आणि पोरं कोडमध्ये बग शोधत रात्र काढतात. कोडमध्ये काहीच नसतं.

आणि हे नुसतं कॉलेजपुरतं नाही. एका कारखान्यात आधी चार कॅमेरे होते, झकास चालायचे. मालकांनी मग त्याच पद्धतीनं, त्याच माणसाकडून चाळीस करून घेतले. हालचाल नसेल तेव्हा कॅमेरा साधारण 2 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) खातो, गर्दीत 4 पर्यंत जातो. म्हणजे चाळीसाचे 80 ते 160, आणि रेकॉर्डरकडे जाणारा पोर्ट अजून 100 एमबीपीएसचाच. शिफ्ट बदलायची वेळ झाली, गेटवर माणसं आली की चित्र गोठायचं, नेमकं जेव्हा चित्र पाहिजे तेव्हाच. रात्री तपासायला गेलं की सगळं ठीक. त्यांनी दोनदा कॅमेरे बदलून घेतले बिचाऱ्यांनी.

मोठमोठ्यांचंही असंच झालंय. 1986 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत लॉरेन्स बर्कले लॅब आणि बर्कले विद्यापीठ यांच्यामधला वेग 32 केबीपीएसवरून (सेकंदाला 32 हजार बिट) 40 बीपीएसवर आला, म्हणजे आठशेपट कमी, आणि दोन ठिकाणांमधलं अंतर फक्त 400 यार्ड, पाव मैलसुद्धा नाही. टीसीपी (डेटा तुकड्या-तुकड्यांनी, म्हणजे पॅकेटांनी, पाठवायचे नियम) तोच होता जो लहान नेटवर्कवर गुण्यागोविंदानं चालत होता. गर्दी वाढल्यावर पॅकेट हरवायला लागली, हरवली म्हणून प्रत्येकजण परत पाठवायला लागला, त्यानं गर्दी आणखी वाढली. व्हॅन जेकबसननं नंतर बसून त्यावर उपाय काढला, आधी हळू सुरू कर, लॉस दिसला की हात आखडता घे, आणि तो विचार आज तुमच्या-माझ्या मोबाईलपर्यंत पोचलाय. किंवा 12 ऑगस्ट 2014 घ्या, त्या दिवशी जगाच्या इंटरनेटच्या रस्त्यांची यादी 512 के च्या, म्हणजे पाच लाखांहून जास्तच्या, वर गेली आणि जुन्या राउटरांच्या मेमरीत तेवढीच जागा ठेवलेली होती, बऱ्याच ठिकाणी नेट डळमळलं. लॅबमध्ये पाच लाख रूट भरून कोण बघतंय?

म्हणून तिकडे अमेरिकेत सामायिक टेस्टबेड काढले. म्हणजे काय, तर शेकडो मशीन आणि स्विच एका ठिकाणी किंवा चार ठिकाणी लावून ठेवायचे आणि कुणाही संशोधकानं लांबून लॉगिन करून त्यातला आपल्यापुरता तुकडा मागून घ्यायचा, काम झालं की सोडायचा. युटा विद्यापीठाचं एमुलॅब 2000 साली निघालं. प्लॅनेटलॅब 2002 ला निघालं, जगभरच्या विद्यापीठांत त्याची मशीन होती, 2020 ला बंद झालं. मग जेनी, आणि 2014 ला क्लाउडलॅब, ज्याची मशीन युटा, विस्कॉन्सिन आणि क्लेमसनला आहेत. आपल्याकडे 5जी चा टेस्टबेड 17 मे 2022 ला सुरू झाला, आयआयटी मद्रासच्या पुढाकारानं आठ संस्थांनी मिळून केला, 220 कोटींच्या वर खर्च. चांगलीच गोष्ट आहे, पण तो मोबाईलवाल्यांसाठी. राउटिंग, स्विचिंग शिकणाऱ्या आपल्या थर्ड इयरच्या पोराला तिथं काय काम?

आता अशा टेस्टबेडवर गेल्यावर लहान प्रयोग मोठा कसा करायचा हे जरा सविस्तर लिहितो, कारण खरी मजा आणि खरी डोकेदुखी तिथंच आहे. पहिलं म्हणजे तिथल्या प्रत्येक मशीनला दोन नेटवर्क असतात. एक कंट्रोल नेटवर्क, ज्यावरून तुम्ही लॉगिन करता, आणि दुसरं तुमच्या प्रयोगाचं. नवखा माणूस जोशात येऊन सगळे इंटरफेस (मशीनची नेटवर्कची दारं) बंद-चालू करतो, त्यात कंट्रोलचाही जातो आणि स्वतःच्याच दाराला कुलूप लावून बाहेर बसतो. हे परवडलं, कारण लगेच कळतं. वाईट प्रकार दुसरा. मशीनचं नाव घालून पिंग केलं, नावाचा पत्ता कंट्रोल नेटवर्कचा निघाला, आणि सगळा ट्रॅफिक तिकडून गेला. आकडे सुंदर येतात. तुमच्या प्रयोगाच्या लिंकवरून एक पॅकेट गेलेलं नसतं. तीन नोडला टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून हे पकडता येतं, तीस झाल्यावर कोण बघणार, म्हणून तीनवर असतानाच पत्ते पक्के करून घ्यायचे.

मग हातानं काम करणं सोडायचं. तीन मशीनला तीन खिडक्या उघडून कमांड टाइप करणारा पोरगा तीस मशीनला तसंच करायला जातो आणि सतराव्या मशीनवर कुठलीतरी एक ओळ राहून जाते. टोपॉलॉजी, म्हणजे कोण कुणाला जोडलंय तो आराखडा, तोसुद्धा स्क्रिप्टमधून तयार करायचा, मशीनवर लागणारं सॉफ्टवेअर एकदा एका मशीनवर नीट बसवून त्याची इमेज (हुबेहूब नक्कल) करून ठेवायची आणि सगळी मशीन त्याच इमेजवरून उठवायची. नाहीतर तीस मशीन एकाच वेळी इंटरनेटवरून तीच पॅकेजं ओढत बसतात आणि त्यातल्या दोन-तीनांचं अर्धवट राहतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मशीन उठणार नाहीत हे गृहीत धरायचं. एक मशीन व्यवस्थित सुरू होण्याची खात्री 99 टक्के धरा, भारीच वाटते ना. दहा मशीन मागितली तर सगळी एकदम उठण्याची शक्यता 90 टक्के. पन्नासला 60. शंभरला 37 च्या आसपास, म्हणजे तीनातल्या दोन वेळा काहीतरी मेलेलं असणारच. त्यामुळे स्क्रिप्टनं आधी हजेरी घ्यायची, कोण आलंय कोण नाही, आणि एक-दोन नसतील तरी प्रयोग पुढे जाईल असं लिहायचं. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही, कारण पाच मशीनमध्ये हे कधी घडतच नाही.

वाढवताना 5 वरून एकदम 100 वर उडी मारायची नाही. पाच, दहा, वीस, चाळीस, आणि प्रत्येक पायरीला तेच मोजमाप, तेच आलेख. कुठेतरी आलेख वाकतो. वाकला की तिथं थांबून बघायचं की हे माझ्या प्रोटोकॉलमुळे वाकलं की टेस्टबेडमुळे, कारण सामायिक ठिकाणी एकाच खऱ्या मशीनवर अनेकांची व्हर्च्युअल मशीन असू शकतात. तुमच्या बारा लिंक 100 एमबीपीएसच्या कागदावर आहेत, पण बाराही एकाच 1 जीबीपीएसच्या (1000 एमबीपीएस) कार्डावर असतील तर बेरीज तुम्हीच करा. ओएसपीएफ (आणखी एक राउटिंग प्रोटोकॉल) चालवणारा राउटर साधारणपणे दर 10 सेकंदाला हॅलो म्हणतो, 40 सेकंद काही ऐकू आलं नाही तर शेजारी मेला असं समजतो. होस्टवर फारच ताण आला तर जिवंत शेजारीसुद्धा मेलेला ठरतो, आणि तुम्ही रिपोर्टमध्ये प्रोटोकॉलला नावं ठेवता. तोच प्रयोग दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या मशीनांवर परत करून बघितल्याशिवाय काही सांगू नये. मिनिनेटमध्ये तर सगळे होस्ट एकाच लॅपटॉपचा प्रोसेसर वाटून घेतात, शंभर होस्ट उठतील हो, पण त्यांनी दाखवलेल्या वेळेवर माझा विश्वास नाही. शिकायला मात्र तेच सगळ्यात सोयीचं, त्याबद्दल वाद नाही.

चाळीसला फुटलं असं रिपोर्टमध्ये लिहायची पोरांना लाज वाटते, गाईडलाही वाटते. माझ्या मते तोच वाचण्यासारखा रिपोर्ट. कुठे फुटलं, का फुटलं, काय बदलल्यावर साठपर्यंत गेलं. नोकरीच्या इंटरव्ह्यूला हे सांगणाऱ्या पोराला मी डोळे झाकून घेईन.

आणि सामायिक म्हटल्यावर थोडी शिस्त आली. क्लाउडलॅबवर सुरुवातीला प्रयोगाला 16 तास मिळतात, पुढे पाहिजे असेल तर कारण लिहून वाढवून घ्यायचं, मोठा प्रयोग असेल तर आधी रिझर्व्हेशन. आपल्याकडे मशीन अडवून ठेवायची सवय फार. सबमिशनच्या महिन्यात सगळेच येणार, त्यामुळे लहान प्रयोगानं सगळं पक्कं करून मगच मोठा तुकडा मागायचा, तीन तास चालवायचा आणि सोडून द्यायचा, हे पहिल्या दिवसापासून शिकवायला लागेल.

आता मुद्द्याचं. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचं, मुख्यालय आपल्या बेळगावजवळच्या मच्छ्याला आहे, विद्यापीठ 1998 चं. राज्यभरातली दोनशेच्या वर कॉलेजं त्यांच्याकडे आहेत. बेळगावात इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, चिकोडीला आहे, निपाणीला आहे. प्रत्येक कॉलेज आपापल्या लॅबसाठी चार राउटर घेतं आणि काचेच्या कपाटात ठेवतं. त्याऐवजी ज्ञानसंगमच्या, म्हणजे व्हीटीयूच्याच, आवारात एक खोली, दोन-तीन रॅक, चाळीस-पन्नास मशीन, मॅनेज्ड स्विच (लांबून सेटिंग बदलता येणारे), चांगला यूपीएस, कारण लाईट जाणारच, आणि सगळ्या कॉलेजांना लांबून लॉगिन. एमुलॅबचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, काही नव्यानं शोधायचं नाही. दर पाच-सहा वर्षांनी लॅबमधले जे पीसी भंगारात जातात त्यातलेसुद्धा सुरुवातीला चालतील, नोड म्हणून ते काही वाईट नसतात. कोल्हापूरच्या, गडहिंग्लजच्या कॉलेजांनाही लॉगिन द्या. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं राहू दे, रॅकवर काम करायला त्याचा निकाल लागायची गरज नाही.

फक्त आपल्या बेळगावच्या चोवीस तास पाणी योजनेसारखं करू नका. काही वॉर्डांत प्रात्यक्षिक झालं, नळाला रात्रंदिवस पाणी आलं, लांबलांबचे लोक बघून गेले, आणि उरलेल्या गावानं मग किती वर्षं वाट बघितली ते आपल्या वाचकांना सांगायला नको. इथंही पहिल्याच दिवशी लिहून ठेवा की पहिल्या वर्षी दोन कॉलेजं, दुसऱ्या वर्षी आठ, आणि यंत्रणा बघायला एक पगारी माणूस. तो माणूस सगळ्यात महत्त्वाचा. मशीन देणगीत मिळतात, बिघडलेलं मशीन रात्री रीस्टार्ट करणारा मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय सहा महिन्यांत त्या खोलीला कुलूप लागतं.

कारखान्यांनी बदलून टाकलेले काही मॅनेज्ड स्विच माझ्या दुकानात पडून आहेत, चालू आहेत, मी तपासलेत. कुठलं कॉलेज किंवा विद्यापीठ खरंच हे मनावर घेत असेल तर ते फुकट द्यायला आणि शनिवारी येऊन केबल मारून द्यायला मी तयार आहे, फक्त त्या पगारी माणसाचा पगार कुठल्या हेडखाली टाकणार ते आधी ठरवून मग मला बोलवा.

आपला एक वाचक,
उद्यमबाग, बेळगाव