पहाटे आई काय बोलायची, ते तुलाच माहीत आहे

सातारा, सोमवार रात्र

प्रिय शैला,

हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर मध्येच माझा आवाज गेला असता, आणि तू घाबरून पहिल्या गाडीने निघाली असतीस. म्हणून पत्र. आम्ही बरे आहोत. माझं बीपी गोळीवर, ह्यांची साखर होती तिथेच. आता आईचं.

आई स्वतःशी बोलते हे तुला मी काय सांगणार? डी.एड.ला असताना तू आमच्याकडे राहिलीस, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. पहाटे उठून अभ्यास करायचीस. मी उन्हं वर आल्याशिवाय पांघरूण सोडत नव्हते. तू येऊन आठवडा झाला नव्हता तेव्हा मला विचारलंस, "काकू बंब पेटवताना कुणाशी भांडतात गं?" त्यावरून आपला केवढा अबोला झाला! तू आईला वेडी म्हणालीस असं मी धरून बसले, आणि तू म्हणत होतीस की असं काही म्हणालेच नाही. शेवटी आईनेच दोघींना एका ताटात वाढलं. (म्हणाली होतीस तू. आजही माझं तेच मत आहे.)

ती स्वतःला 'बबी' म्हणते हे मला तुझ्याकडूनच कळलं. लग्नात आप्पांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने 'सुशीला' लिहिलं आणि सासरी बबी संपली. मामा गेल्यावर माहेरीही त्या नावाने हाक मारणारं कुणी राहिलं नाही. "ऊठ बबे. पाणी ठेव. रडायला दुपार हाय." हे वाक्य तू मला तिच्या आवाजात करून दाखवलं होतंस. आपण हसलो होतो. आता आठवलं की पोटात कालवतं.

आप्पांना जाऊन वर्ष होत आलं. गेल्या महिन्यात रात्री पाणी प्यायला उठले, तर आई अंधारात पलंगावर बसलेली. म्हणत होती, "कशाला मागं राह्यलीस गं बबे? खायला काळ नि भुईला भार."

शैला, हे शब्द कुणाचे ते ओळखलंस ना? आजी जाऊन किती वर्षं झाली! भाकरी करपली, पाहुण्यांना चहा उशिरा गेला, की ओसरीवरून हेच यायचं. तू एकटीनेच एकदा तोंडावर विचारलं होतंस, "आजी, मग सकाळपासून ह्या भाकऱ्या कोण थापतंय?" आजी दोन दिवस तुझ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी तुलाच पाय चेपायला बोलावलं. तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसत होती. तिने ते बोलणं कधी मनाला लावून घेतलं नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते. पण ते आत जाऊन बसलं होतं. आप्पा होते तोवर गप्प होतं. आता आजीचं वाक्य आईच्या तोंडून येतंय, आणि तेही बबीला. ज्या नावाने ती स्वतःला उठवायची, त्याच नावाने स्वतःला टाकून बोलतेय. मला झोप लागत नाही ती ह्यामुळे.

घरात प्रत्येकाचं वेगळं. दादा म्हणतो, वय झालंय, बडबडणारच. वहिनीने मनापासून एक उपाय काढला, रोज सकाळी आरशासमोर "मी आनंदी आहे, मी सगळ्यांना हवी आहे" असं म्हणायचं. आईने सुनेचा शब्द मोडला नाही. पण ते म्हणताना तिचे डोळे भरायचे आणि नंतर दिवसभर ती आणखीच मिटून बसायची. मी थांबवलं. नंतर वाचलं की कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं, २००९ साली. ज्यांच्या मनात स्वतःबद्दल आधीच कमीपणा आहे त्यांनी "मी प्रेम करावं अशी आहे" असं घोकलं, तर त्यांना आणखी वाईट वाटलं. मन लगेच उलट साक्ष काढतं ना! वहिनीला हे दाखवलं नाही. तिला लागलं असतं.

मग मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. भला माणूस. झोप, जेवण, विसरभोळेपणा सगळं विचारलं. मग विचारलं, "तुम्ही बोलता तेव्हा पलीकडून कुणी उत्तर देतं का?" आई म्हणाली, "कोण देणार? मीच देते." डॉक्टर हसले. स्वतःशी बोलणं हा आजार नाही म्हणाले, पण काय बोलता ते मला ऐकायचंय. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारलं. माझ्या अंगावर काटा आला. आई "न्हाई" म्हणाली, आणि डॉक्टरांनी असं उघड विचारल्यावर मलाच मोकळं वाटलं. औदासीन्य आहे, बरं होणारं आहे, असं त्यांचं मत. गोळी चालू आहे. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्रिजवर लावून ठेवलाय.

तिथल्या समुपदेशक बाई आईला वही घालायला लावतात. मनात झटकन येणारं वाक्य लिहायचं, शेजारी त्याचा पुरावा, आणि त्याच्या विरुद्धचा पुरावा. ॲरन बेक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६०च्या दशकात ही पद्धत बसवली. उदास माणसाच्या मनात अशी वाक्यं आपोआप उमटतात आणि तो ती तपासून न बघता खरी धरतो, हे त्यांनी ओळखलं. सातवी शिकलेल्या आईने पहिल्या पानावर ठसठशीत लिहिलंय, 'मी ओझं आहे.' बाईंनी विचारलं, "तुमची बहीण असं म्हणाली तर तिला काय सांगाल?" आई लगेच म्हणाली, "गप गं, तू न्हाईस तर लोणचं कोण घालील?" बाई म्हणाल्या, "मग हेच बबीला सांगा." आई त्यांच्याकडे बघतच राहिली.

ह्या नावाचंही मी वाचलं. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस आणि मंडळींनी २०१४ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना ऐनवेळी भाषण करायला लावलं. तयारी करताना काहींनी मनात 'मी, मी' म्हणायचं, काहींनी स्वतःला नावाने हाक मारायची. नावाने बोलणाऱ्यांची घालमेल कमी झाली, भाषण बरं झालं, आणि नंतर ते तेच तेच उगाळत बसले नाहीत. दुसऱ्याला सल्ला देताना आपण जरा लांबून बघतो, तसं होतं म्हणे. आई हे पहाटे बंबापुढे बसून करत होती! आणि समर्थांनी २०५ श्लोक मनालाच सांगितले. तुला ते सगळे पाठ. 'मना सज्जना' म्हणतात ते. आधी त्याला सज्जन म्हणतात, मग काय ते ऐकवतात. आपण स्पर्धेत धडाधड म्हणून बक्षीस घेतलं (तू पहिली, मी दुसरी, आणि परीक्षक तुझ्या गावचे), पण तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तर काम असं. बाई म्हणाल्या, तिची जुनी चांगली वाक्यं मिळाली तर हवीत, बाहेरची शिकवलेली नकोत. आईला विचारलं तर म्हणते, "मला काय ठावं, तोंडाला येईल ते बोलायची." मी झोपलेली असायचे. ऐकलंस ते तू. पाऊस असताना, आप्पांचा पगार थांबला तेव्हा, आजी आजारी असताना आई बबीला काय म्हणायची, ते जसं आठवेल तसं लिहून पाठव. तिच्याच बोलीत लिही, शुद्ध करू नकोस.

तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशनला घाबरू नकोस. निनादचं जर्मनीचं पक्कं झालं का? नव्या घराची ओल गेली का? भाऊजींना नमस्कार.

रविवारी चारनंतर आई जागी असते. फोन करशील तेव्हा माझ्याशी दोन मिनिटं बोल आणि मग तिला दे. मी बाहेर जाऊन बसेन.

तुझी,
माधवी