कोळशाची चित्रे की आरसे?

मुंबईतल्या एका कलादालनात परवा माणसाहून उंच अशी कोळशाची व्यक्तिचित्रे पाहिली. पाहिली म्हणजे काय, निम्मा वेळ काचेत स्वतःचेच तोंड दिसत होते! कोळशाची भुकटी कागदाच्या खरखरीत पोतात नुसती अडकलेली असते, बोट लागले की फिसकटते, म्हणून काच हवी हे मान्य. पण चकाकी नसलेली काच मिळते, दिवेही तिरके लावता येतात. दक्षिण आफ्रिकेचे चित्रकार विल्यम केंट्रिज खोडलेल्या रेषांचे पुसट माग चित्रात तसेच राहू देतात; इथेही तसे माग होते, पण जवळ गेल्यावरच कळले. आणि अख्खी आकृती बघायला मागे सरकावे, तर पाठीला खुर्च्यांची रांग. निदान ती तरी हलवा.

— एक वाचक, दादर