विटांबद्दल आणि बाकी सगळ्याबद्दल आभार

माननीय डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी मी मिरजेला आपल्याकडे आले, तेव्हा माझ्या फाइलमध्ये दुर्बिणीच्या तपासणीचा निर्दोष अहवाल होता आणि त्या अहवालानेच मला अधिक खचवले होते. छातीत रोज जळजळ होत होती, रात्री दोनच्या सुमारास घशाशी आंबट येऊन जाग येत होती. पण अन्ननलिकेत ना व्रण, ना सूज, म्हणून आधी एका ठिकाणी ‘मनावर घेऊ नका’ असे सांगून माझी बोळवण झाली होती. पुढे घरच्यांचेही तेच मत झाले. आपण मात्र गिळताना घास अडकतो का, वजन आपोआप घटले का, शौचास काळे होते का, हे पुन्हा पुन्हा विचारून घेतलेत आणि मग म्हणालात, ‘नळी स्वच्छ आहे हे चांगलेच आहे, आणि तुमचा त्रासही खरा आहे.’

आम्ल वर येण्याचा विकार असलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या अन्ननलिकेत दुर्बिणीला काहीच इजा दिसत नाही, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. भिंत धड दिसली तरी अस्तराच्या पेशींमधल्या फटी रुंदावलेल्या असू शकतात आणि त्यांतून आम्ल मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोहोचते, हे आपण चिठ्ठीच्या मागे चित्र काढून दाखवलेत. ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.

त्यानंतर निघाली माझी खरी चूक. पित्ताची गोळी मी जेवणानंतर, तीही जळजळ सुरू झाल्यावर घेत असे. जठरातले आम्ल तयार करणारे पंप अन्नाच्या चाहुलीने कामाला लागतात आणि ही गोळी चालू असलेल्या पंपांनाच बंद करते, म्हणून ती न्याहारीपूर्वी अर्धा तास, रोज, निदान आठ आठवडे घ्यायची, ही साधी गोष्ट तोवर कोणीच समजावली नव्हती. दिवसाचा त्रास त्याने पुष्कळ ओसरला, पण रात्रीचा राहिला. तेव्हा गोळीची मात्रा डोळे झाकून वाढवण्याऐवजी आपण ती सात दिवस बंद ठेवायला लावून, नाकातून बारीक नळी सोडून चोवीस तासांची आम्लमोजणी केलीत. तो आठवडा फार कठीण गेला, हे आपल्यापासून लपवत नाही. पण सहा टक्क्यांहून अधिक वेळ अन्ननलिका आम्लात राहिली तर ते निश्चितपणे जास्त मानतात आणि माझा आकडा सातच्या वर होता. कागदावरचा तो आकडा पाहून मला रडू आले, तेही आनंदाने!

पुढचे उपचार दिसायला किरकोळच होते. रात्रीचे जेवण साडेसातला, झोपणे डाव्या कुशीवर, आणि जेवणानंतर पोटातल्या आम्लावर साय धरावी तसे तरंगणारे पातळ औषध. उशा रचल्या तर कंबरेत वाकून पोटावर दाब येतो, म्हणून उशांऐवजी खाटेच्या डोक्याकडील पायांखाली विटा आल्या. वर्षभरात सहा किलो वजन उतरले. मी स्वतःहून चहा, टोमॅटो, कोकम, मिरची सगळेच सोडून दिले होते. त्यातले नेमके बाधते तेवढेच टाळा, बाकी जेवा, असे सांगून आपण माझे ताट मला परत दिलेत. मला फक्त तर्री बाधते, असे निघाले.

गोळी कमी करतानाही आम्ल काही दिवस उसळून वर येईल, त्याला आजार परतला असे समजू नका, हे आपण आधीच सांगून ठेवले होते, म्हणूनच दुसऱ्या आठवड्यात मी घाबरून पुन्हा सुरुवातीपासून गोळ्या घेतल्या नाहीत. आता महिन्यातून एखाद्या वेळीच गोळी लागते.

खाटेखालच्या विटा मात्र अजून तिथेच आहेत. केर काढायला येणाऱ्या मावशी अधूनमधून त्यांच्याबद्दल विचारतात आणि मी दर वेळी ‘राहू द्या’ म्हणते.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण