जांघेतली प्रत्येक गाठ अवधाण नसते

संपादक महोदय,
स. न.

पायाला काटा लागला, टाचेची भेग पिकली की जांघेत दुखरी गाठ येते, तिला आपण अवधाण म्हणतो, आणि जखम भरली की ती जिरते. या जुन्या समजुतीत तथ्य आहे, कारण पाय, नितंब, बाह्य जननेंद्रिये व बेंबीखालच्या त्वचेतली लसिका (ऊतींतून वाहणारा पातळ द्रव, लिम्फ) जांघेतल्या ग्रंथींकडेच येते. मात्र तिच्याच भरवशावर माझ्या सत्तरीच्या मावशीने उजव्या जांघेतली सुपारीएवढी गाठ कित्येक महिने लपवली. पायाला जखम कुठेच नव्हती, तरी लेप चालू होते. पुढे पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, तेव्हा एका दवाखान्यात तिचे पोट दोनदा तपासले गेले. निऱ्या सैल करायला मात्र कुणी सांगितले नाही. अखेर दुसरीकडे शस्त्रक्रिया झाली आणि आतड्याचा सडलेला भाग कापून काढावा लागला.

कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि ओटीपोटाखालच्या हाडाचा उंचवटा यांच्यामध्ये एक बंध तिरका ताणलेला असतो. त्याच्या वर पोट, खाली मांडी. त्याखालून मांडीत उतरताना बाहेरून आत आधी मज्जातंतू, मग धमनी (बंधाच्या मध्याखाली बोट दाबले की तिची उडी लागते), मग नीला (हृदयाकडे रक्त परत नेणारी शीर) आणि सर्वांत आत जेमतेम सव्वा सेंटिमीटर लांबीची एक जागा असते. थोडी चरबी व एखादी ग्रंथी सोडल्यास ती मोकळीच असते, त्यामुळे नीलेला फुगायला वाव मिळतो. पण पोटातला दाब वाढला की आतडेही तिथून खाली घुसू शकते. तिच्या तीन बाजूंना न ताणले जाणारे बंध असल्याने घुसलेले आतडे आवळले जाते आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. आतडे असे बाहेर घुसणे म्हणजे अंतर्गळ (हर्निया), आणि मावशीची गाठ म्हणजे हाच होता. अंतर्गळ हा पुरुषांचा आजार मानला जातो. मांडीतला हा प्रकार मात्र बायकांमध्येच अधिक आढळतो. नेहमीचा अंतर्गळ त्या उंचवट्याच्या वर दिसतो, हा त्याच्या खाली व बाहेरच्या अंगाला.

पायाला जखम नसताना आलेली गाठ, विशेषतः खोकताना फुगणारी, लगेच दाखवावी. अशी गाठ खोकल्यावर फुगली नाही, तरीही दाखवावी. पोट फुगलेल्या, उलट्या होणाऱ्या वृद्ध स्त्रीची जांघ परिचारिकेला सोबत घेऊन तपासल्याशिवाय डॉक्टरांनी तिला घरी पाठवू नये. आपल्या आरोग्य पुरवणीत या भागाची आकृती संकोच न बाळगता छापावी, ही विनंती. मावशी आता हिंडूफिरू लागली आहे आणि हे पत्र तिच्या संमतीनेच लिहिले आहे.

आपली नम्र,
एक वाचक